ट्यूलिपची कळी कुठे अडली

पहिल्या वर्षी लावलेल्या बारा ट्यूलिपना पानं भरपूर आली, फूल एकालाही आलं नाही. पानांच्या बेचक्यात कळीच्या जागी कागदासारखा वाळका तुकडा. फार वाईट वाटलं. खत कमी पडलं की ऊन, काही कळेना. शेवटी फ्रिजमध्येच राहून गेलेला एक कंद सुरीने उभा चिरला. कांद्यासारखे पांढरे पदर आणि अगदी मधोमध इवलीशी कळी, काळपट पडून सुकलेली.

ट्यूलिपचं फूल लावणीच्या आधीच कंदात तयार असतं. देठ नीट लांबायला थंडी लागते, म्हणून मी कंद फ्रिजमध्ये ठेवले होते. ते बरोबरच होतं. पण त्याच कप्प्यात सफरचंदं होती. पिकणारी फळं एथिलीन वायू सोडतात आणि त्याने आतली कळी मरते.

दुसऱ्या वर्षी फळांना फ्रिजबंदी केली. कंद भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत, 4-5 अंशांवर, चांगले 14 आठवडे. दर आठवड्याला पिशवी उघडून प्रत्येक कंद बोटांनी दाबून बघायचे. एक मऊ लागला, बुरशीही धरली होती. तो लगेच काढून टाकला.

लावताना मातीत वाळू सढळ हाताने घातली, कारण पाणी साचलं की कंद कुजलाच. टोक वर ठेवून 15 सेंटीमीटर खोल लावले. कंदाची चपटी बाजू कुंडीच्या काठाकडे केली. पहिलं मोठं पान त्याच बाजूने येतं, मग मधे गर्दी होत नाही.

अकरांपैकी नऊ फुलले! दुपारच्या उबेत पाकळ्या उघडायच्या, संध्याकाळी मिटायच्या, आणि रोज फूल कालच्यापेक्षा थोडं मोठं दिसायचं. वरून वाकून पाहिलं तर तळाशी पिवळ्या कडेचा काळा डाग. मी रोज वाकून बघायचे.

पाकळ्या गळल्यावर बी धरू नये म्हणून फक्त शेंडा खुडला. पानं मात्र पार पिवळी पडेपर्यंत ठेवली, कारण पुढच्या कंदाचं पोषण तीच करतात. मग माती उकरली. मूळ कंद संपलेला, नुसती तपकिरी साल उरलेली; तिला बिलगून नवे कंद, बहुतेक बारीक. तीन मात्र चांगले टपोरे निघाले. ते कोरड्या सावलीत जाळीवर पसरून ठेवलेत.