अंधारात बघता काय?

"आत उजेडच नाही, मग तुम्ही बघता काय?" आकाशातल्या काळ्या ढगांवर काम करते म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला.

बघण्यासारखं खरंच फारसं नसतं. पडद्यावर रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींची एक थरथरती रेघ, आणि नशीब असेल तर तिच्यात एक उंचवटा.

भुजंगधारी तारकासमूहातला बर्नार्ड ६८ हा काळा ढग घ्या. फोटोत तिथे आकाशाला भोक पडल्यासारखं वाटतं. धुळीने मागचे तारे झाकलेत. ढग मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचा, तापमान उणे २६३ अंश सेल्सियसच्या आसपास. एवढ्या गारठ्यात हायड्रोजन तोंड उघडत नाही. म्हणून कार्बन मोनॉक्साइडला गाठायचं. हायड्रोजनच्या दहा हजार रेणूंमागे हा जेमतेम एक, पण बोलका. फिरण्याचा वेग एक पायरी उतरला, की २.६ मिलिमीटरची लहर सोडतो. विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास या शास्त्रज्ञांना ती अवकाशात पहिल्यांदा सापडली १९७० मध्ये.

तिची वारंवारता ११५.२७ गिगाहर्ट्झ; रेघेत उंचवटा येतो तो तिथे. वायू सेकंदाला एक किलोमीटरने आपल्याकडे येत असेल, तर उंचवटा ३८४ किलोहर्ट्झने वरच्या वारंवारतेकडे सरकतो. लांब जात असेल तर तेवढाच खाली. आतली खळबळ जितकी जास्त, तितका तो पसरट. दुर्बीण एकेका ठिपक्यावर नेत असा नकाशा भरायचा. आडव्या हालचालीचा मात्र यातून काहीच पत्ता लागत नाही.

एकदा माझ्या उंचवट्याशेजारी खोल खड्डा आला. ढग आत कोसळतोय, बाहेरचा गार थर लहरी गिळतोय, अशी माझी खात्री! दोन दिवस मी हवेत. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी रेघेवर बोट ठेवलं, "अगं, हा शून्याच्या खाली गेलाय." वातावरणाचा गोंगाट काढून टाकायला आम्ही शेजारच्या रिकाम्या आकाशाचं माप वजा करतो. माझी 'रिकामी' जागा रिकामी नव्हतीच. तिथला वायू मीच वजा केला होता.

बर्नार्ड ६८ मध्ये तर कार्बन मोनॉक्साइडही दगा देतो. जिथे ढग सर्वांत दाट, तिथेच तो धूलिकणांवर गोठून बसतो. त्याच्या जड ऑक्सिजनवाल्या विरळ भावंडाचा नकाशा काढा, मधोमध चक्क खळगा दिसतो. तिथे मग डायझेनिलियम, म्हणजे नायट्रोजनचे दोन अणू आणि हायड्रोजनचा एक असा आयन, कामाला येतो. तो जास्त आतपर्यंत तग धरतो. त्याचा उंचवटा इतका अरुंद, की आतला वायू जवळजवळ निवांत आहे हे लगेच कळतं.