मागचा बार आधी: स्वे बार आणि स्ट्रट बार निवडतानाच्या नोंदी

स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन एकमेकांना जोडणारी, वळणात बॉडीचं कलणं कमी करणारी पोलादी सळई. स्ट्रट बार म्हणजे स्ट्रटची वरची टोकं बॉडीला जिथे बसतात त्या दोन जागा, म्हणजे टॉवर, एकमेकांना बांधणारा बार. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला, चाकाला वरून धरणारा खांब), मागे मल्टी-लिंक (प्रत्येक चाक अनेक आर्मनी धरणारी रचना), आणि मागचा मूळ स्वे बार जेमतेम १८ मिमीचा. शॉक ॲब्सॉर्बर, बुश (सांध्यांमधले रबर) आणि टायर आधीच नवे घालून झालेत, अलाइनमेंटही झालंय. हे मुद्दाम सांगतोय, कारण बुश झिजलेले असताना जाड बार लावला तर त्याचा बराचसा जोर ढिल्या रबरातच जिरतो, आणि फरक पडलाच तर तो कशाने पडला तेही कळत नाही. आता पाळी बारांची.

दुखणं एकच होतं. लांब, एकसारख्या वळणात वेग वाढवत नेला की गाडीचं नाक बाहेर जायला लागतं. स्टिअरिंग अजून वळवलं तरी गाडी ऐकत नाही, नुसता पुढच्या बाहेरच्या टायरचा खांदा घासला जातो. अशा वेळी बॉडी कलताना जाणवते, त्यामुळे पहिला विचार येतो तो पुढे जाड बार घालण्याचा. कलणं कमी होईल हे खरं, पण नाक बाहेर जाणं बहुतेक वेळा आणखी वाढेल.

त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी निवड तिथेच ठरते. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जाणार हे बार ठरवतच नाही. ते ठरतं गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवरून. समजा गाडी ११०० किलोची आहे, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आहे आणि चाकांमध्ये दीड मीटर अंतर आहे. ०.८ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट आडव्या जोराच्या) वळणात साधारण २९० किलो भार आतून बाहेर जाणार, बार कुठलाही लावा. बारच्या हातात फक्त वाटणी असते: त्यातला किती भार पुढच्या जोडीने पेलायचा आणि किती मागच्या.

आणि टायरचा स्वभाव असा, की भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत भाराची अदलाबदल जास्त, तिची एकूण पकड आधी संपते. मागचा बार ताठ केला की मागची जोडी जास्त भार हलवते आणि पुढच्या टायरांवरचा ताण हलका होतो. माझ्या गाडीला नेमकं हेच हवं होतं. शिवाय पुढे साधा डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा भाग) आहे. पुढचा बार फार ताठ केला तर वळणातून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरणार, आणि इंजिनाचा जोर तिथेच वाया जाणार.

याला एक अपवाद आहे आणि तो खरा आहे. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये बॉडी कलली की बाहेरचं चाकही वरच्या बाजूने बाहेर झुकतं आणि टायर रस्त्यावर सपाट बसत नाही. ज्या गाड्यांमध्ये हे फार होतं तिथे पुढचा बार ताठ केल्याने टायर सरळ राहून पकड वाढूही शकते. माझ्या पुढच्या टायरांची झीज खांद्यावर आहे, पण फक्त तिथेच नाही. म्हणून आधी मागचा बार आणि पुढचं नंतर, असं ठरवलं.

जाडी

बार म्हणजे पीळ घेणारी स्प्रिंग, आणि तिचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १८ वरून २० मिमी म्हणजे दोनच मिमी वाढले असं वाटतं, पण ताठपणा सुमारे ५२ टक्क्यांनी वाढतो. २२ मिमीचा भरीव बार मूळच्या सव्वादोन पट ताठ होतो. घरच्या वापराच्या गाडीला, विशेषतः ओल्या रस्त्यावर, ही फार मोठी उडी आहे.

जाहिरातीत मात्र फक्त बाहेरचा व्यास लिहितात. बार पोकळ असेल तर आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करावा लागतो. माझ्यासमोर दोन पर्याय होते, २० मिमी भरीव आणि २२ मिमी पोकळ, ज्याच्या नळीची भिंत ३ मिमीची. गणित मांडलं तर पोकळ बार मूळ बारच्या १.६ पट ताठ निघाला, म्हणजे २० मिमी भरीवपेक्षा थोडासा जास्त. वजनात तो मूळ १८ मिमीच्या बारपेक्षाही सुमारे ३० टक्के हलका. आकडे पाहून मला खरोखर आनंद झाला. बारच्या मध्यभागचा धातू पीळ पेलायला जवळपास काहीच मदत करत नाही, नुसतं वजन वाढवतो. पोकळ बार घेताना वाकवलेल्या जागी नळी चपटी झालेली नाही ना आणि टोकं नीट दाबून, वेल्ड करून बंद केली आहेत ना, एवढं मात्र निरखून पाहा.

"खास मिश्रधातूचं पोलाद" असं लिहिलेलं असेल तर त्यावरून ताठपणाचा अंदाज बांधू नका. चांगलं स्प्रिंग स्टील लवकर थकत नाही, वाकून तसंच राहत नाही, त्यामुळे ते हवंच. पण त्याच मापाचा बार कुठल्याही पोलादाचा केला तरी ताठपणा जवळपास तेवढाच.

दुसऱ्या मॉडेलच्या गाडीशी मिमीची तुलनाही करू नका. बारची लिंक (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारा छोटा जोड) थेट स्ट्रटला जोडलेली असेल तर चाकाची जवळपास सगळी हालचाल बारपर्यंत पोचते. तीच लिंक खालच्या आर्मच्या मध्यात असेल आणि हालचालीचा ०.६ भागच पोचत असेल, तर चाकाशी मिळणारा ताठपणा ०.६ चा वर्ग, म्हणजे ०.३६ पट. त्या गाडीचा २४ मिमीचा बार तुमच्या २० मिमीपेक्षा मवाळ असू शकतो.

मी निवडलेल्या पोकळ बारला दोन्ही टोकांना लिंक जोडायला दोन-दोन भोकं आहेत. बाहेरच्या भोकाशी दांडीची (बारच्या टोकाच्या वळवलेल्या भागाची) लांबी मूळ बारइतकीच, २०० मिमी, आणि आतल्या भोकाशी १८०. लांबी कमी झाली की ताठपणा तिच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे आतल्या भोकावर सुमारे २३ टक्के जास्त. दोन्ही धरून मूळच्या १.६ पट आणि जवळपास २ पट अशा दोन पायऱ्या मिळतात. प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं, कारण दांड्या वाकतात आणि बुशही दबतात.

बसवताना

मागची दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत. एकच बाजू उचलली तर बार आधीच पिळलेला असतो, बोल्ट भोकात बसत नाही, आणि तो जबरदस्तीने बसवला तर पिळासकट बसतो. दोन्ही बाजूंना स्टँड लावून काम केलं. लिंकचे बोल्ट आधी हातानेच लावले आणि शेवटचं आवळणं गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना केलं, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला.

लिंक लांबी बदलता येणाऱ्या घेतल्या. गाडी खाली घेतलेली असेल तर मूळ लिंक लांब पडतात आणि दांडी नको त्या कोनात जाते. सरळ रस्त्यावर, चालक बसलेला असताना, बार पूर्ण मोकळा असायला हवा. चालकाच्या वजनाचा माणूस सीटवर बसवून दुसरी लिंक अशी जुळवली की बोल्ट बोटाने आत गेला.

पॉलियुरेथेन बुशला सोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस सढळ हाताने लावा, कोरडा बुश करकरतो. बार डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून बुशच्या बाजूला अडकण कॉलर असलेला संच घेतला. सरकलेला बार वळणात एका बाजूला वेगळा वागतो आणि लिंकवर आडवा ताण आणतो. ज्या ब्रॅकेटवर बार बसतो त्याच्या वेल्डकडेही लक्ष हवं, कारण ती जागा मूळच्या मवाळ बारचा भार धरून बनवलेली असते.

स्ट्रट बार

याच्याबद्दल माझं मत थोडं थंड आहे. मॅकफर्सनमध्ये स्ट्रटचं वरचं टोक चाकाचा आडवा जोर टॉवरवर टाकतं, म्हणून दोन टॉवर एकमेकांना बांधण्यात अर्थ आहे. डबल विशबोनच्या (चाक वर आणि खाली अशा दोन आर्मनी धरलेल्या) गाडीत आडवा जोर आर्म पेलतात, तिथे याचा उपयोग फार कमी. टॉवर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) चिकटून असतील तरीही फायदा घटतो.

निवडताना मी सरळपणा आणि सांधे पाहिले. इंजिनावरून उंच कमान घेऊन जाणारा बार दाबाखाली धनुष्यासारखा वाकतो. दोन्ही टोकांना एकेका बोल्टवर बिजागरीसारखा बसणारा बार त्या बोल्टच्या फटीइतका हलतोच. ॲल्युमिनियम चकचकीत दिसतं, पण त्या धातूचा स्वतःचा ताठपणा (स्थितिस्थापकता गुणांक) पोलादाच्या साधारण एकतृतीयांश, म्हणून तोच ताठपणा हवा तर काटछेद तिप्पट लागतो. मी अखंड वेल्ड केलेला, कमीत कमी वाकडा, पोलादी नळीचा बार घेतला. बॉनेट आणि बार यांच्यात मऊ मातीचा गोळा ठेवून बॉनेट हळू बंद केलं आणि उरलेली जागा मोजली. जोर लावताना इंजिन माउंटवर झुलतं, त्याचीही जागा धरायला हवी.

बसवताना फक्त टॉवरच्या बाहेरचे नट काढायचे. मधला मोठा नट अजिबात हलवू नका. तो दाबलेली स्प्रिंग धरून असतो, सुटला तर जिवावर बेतू शकतं.

चाचणी

दोन्ही बार एकाच वेळी लावले नाहीत, नाहीतर श्रेय कोणाला द्यायचं? बंद, मोकळ्या डांबरी आवारात परवानगी घेऊन २० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. त्यावर ताशी ४५ किमी म्हणजे साधारण ०.८ जी. प्रत्येक वेळी टायरची हवा सारखी, टायर गरम झाल्यावरच मोजणी, आणि दोन्ही दिशांना.

मागचा बार बाहेरच्या भोकावर लावल्यावर फरक लगेच कळला. त्याच वेगाला स्टिअरिंग कमी वळवावं लागतं आणि नाक आखलेली रेघ धरून राहतं. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू हलकेच फिरायला मदत करते, पूर्वी ती नुसती मागे यायची. हाच गुण ओल्या रस्त्यावर अंगाशी येऊ शकतो, म्हणून आतल्या भोकाकडे वळण्याआधी पाण्यावर चाचणी घेणार आहे. एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं तर धक्का आता जास्त जाणवतो आणि डोकं बाजूला हलतं. दोन्ही चाकं एकदम उचलणाऱ्या गतिरोधकावर काहीच फरक नाही, कारण तिथे बारला पीळ पडतच नाही.

स्ट्रट बारने वर्तुळावरच्या वेळेत काही बदल केला नाही. स्टिअरिंग वळवायला सुरुवात केल्याबरोबरचा पहिला प्रतिसाद थोडा नेमका वाटतो, आणि मला तो आवडला. पण ज्यांना एकच गोष्ट घ्यायची आहे त्यांनी मागचा स्वे बार घ्यावा असं मी ठामपणे सांगेन.

आता काही दिवस गाडी अशीच चालवून लिंकचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासणार, ब्रॅकेटच्या वेल्डजवळ बारीक चीर दिसते का तेही पाहणार. त्यानंतर आतलं भोक, आधी ओल्या आवारात, मग कोरड्या.