चढणीवरचे गाव: मोंतेपुल्चानोत पाच रात्री

इटलीच्या तोस्काना प्रांतात, सुमारे 600 मीटर उंचीच्या एका लांबट डोंगरधारेवर मोंतेपुल्चानो हे तटबंदीचे गाव वसले आहे. फ्लोरेन्सहून सकाळी यायचे, दोन तळघरांत वाइन चाखायची आणि संध्याकाळी परतायचे, असा बहुतेकांचा शिरस्ता दिसतो. मी, पत्नी आणि माझी 72 वर्षांची आई मात्र सप्टेंबरच्या अखेरीस, द्राक्षतोडणीच्या हंगामात, सलग पाच रात्री येथेच राहिलो आणि त्यांतले दोन दिवस तर वेशीबाहेरही पडलो नाही.

येथे निवांत राहायचे असेल, तर आधी चढाचा विचार करावा लागतो. पोर्ता अल प्रातो या खालच्या वेशीपासून निघणारा मुख्य रस्ता वळणे घेत थेट माथ्यावरच्या पियात्सा ग्रांदे या चौकापर्यंत चढत जातो आणि त्याला फुटणाऱ्या गल्ल्या त्याहूनही उभ्या आहेत. आईच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही माथ्याजवळचे घर घेतले होते. पण त्या जुन्या इमारतीत लिफ्ट नव्हती आणि दारापर्यंत 38 पायऱ्या होत्या, हे तेथे पोहोचल्यावर कळले. घर ठरवतानाच पायऱ्या किती आहेत, हे स्पष्ट विचारून घ्यावे. गावात वरपर्यंत जाणारी एक छोटी बस आहे. बसने वर जायचे आणि उताराने रमतगमत पायी खाली यायचे, हा क्रम आईला इतका मानवला की दुसऱ्या दिवसापासून आम्हीही तोच पाळला. फरसबंदी गुळगुळीत झालेली असल्यामुळे रबरी तळाचे बूट हवेतच.

रेल्वेने येणाऱ्यांनी रोम-फ्लोरेन्स मार्गावरील क्युझी-क्यांचानो तेर्मे या स्थानकावर उतरून पुढे बस घ्यावी. मोंतेपुल्चानो नावाचेही एक स्थानक आहे, परंतु ते गावापासून बरेच दूर, खालच्या दरीत आहे. आम्ही रविवारी पोहोचलो आणि त्या दिवशी बस अगदी मोजक्याच असल्यामुळे टॅक्सीचा मोठा खर्च सोसावा लागला. म्हणून शक्यतो कामाच्या दिवशी पोहोचावे. मोटार भाड्याने घेणार असाल, तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तटबंदीच्या आत बाहेरच्या वाहनांना बंदी असते, तेथे कॅमेरे नजर ठेवतात आणि दंडाची नोटीस अनेक महिन्यांनी घरी येऊ शकते. गाडी तटाखालच्या वाहनतळावरच सोडावी.

या गावाची खरी श्रीमंती जमिनीखाली आहे. जुन्या वाड्यांच्या तळाशी, काही ठिकाणी थेट खडकात कोरलेली, मजल्याखाली मजला अशी तळघरे आहेत आणि त्यांत माणसापेक्षा उंच ओकची पिंपे रांगेने उभी असतात. वरच्या चौकाजवळच्या दारातून आत शिरून जिने उतरत गेल्यावर एका तळघरातून आम्ही खालच्याच रस्त्यावर बाहेर पडलो. आई वाइनला स्पर्श करत नाही, तरी त्या गार, दमट अंधारात ती आमच्याहून जास्त रमली आणि पिंपांच्या कडा कशा बसवतात, हे खुणांनी विचारत राहिली.

येथील व्हीनो नोबिले ही लाल वाइन किमान 70 टक्के सांजोव्हेजे द्राक्षांपासून बनते; याच द्राक्षाला गावकरी प्रुन्योलो जेन्तीले म्हणतात. 1980 मध्ये तिला इटलीतील सर्वोच्च दर्जाची मोहर मिळाली. ती दोन वर्षे मुरवतात आणि रिझेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली खास प्रत, असेल तर तीन. रोस्सो ही तिची तरुण, स्वस्त बहीण रोजच्या जेवणाला उत्तम. आब्रुत्सो प्रांतात मोंतेपुल्चानो नावाच्या द्राक्षापासून वाइन होते, तिचा या गावाशी संबंध नाही. बाटलीवरील नाव नीट वाचावे. आपल्याकडे अकलूजच्या परिसरातही सांजोव्हेजेची लागवड झाली आहे, त्यामुळे ती चव ओळखीची असलेल्यांना येथील फरक टिपण्यात विशेष आनंद मिळेल. चाखण्यापूर्वी पोटभर खावे, दिवसाला दोनच तळघरे करावीत आणि घोट थुंकण्यासाठी ठेवलेले भांडे निःसंकोच वापरावे. गाडी चालवणाऱ्याने तर चाखूच नये. भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या. त्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवाव्यात.

शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही. पीठ व पाणी एवढ्यावरच हाताने वळलेल्या जाड शेवयांसारख्या पिची हा इथला घरगुती पदार्थ आहे आणि आल्योने नावाच्या मोठ्या, सौम्य लसणाच्या टोमॅटो-रश्शात त्या आईला फार आवडल्या. रिबोल्लिता हे पाव, घेवडा आणि पालेभाज्यांचे दाट सूपही मिळते. त्यात मांसाचा अंश नाही ना, हे मात्र विचारावे. मेंढीच्या दुधाचे पेकोरीनो चीज बहुधा प्राणिज रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरून बनवतात, म्हणून कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांनी चौकशी करावी. तोस्कानातील पाव बिनमिठाचा असतो. तो चुकून अळणी राहिलेला नाही. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरे बंद होतात आणि रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी क्वचितच मिळते, तेव्हा बिस्किटे, फळे जवळ असावीत.

बघण्यासारखे म्हणाल, तर चौकातील दुओमोचा, म्हणजे गावाच्या मुख्य चर्चचा, दर्शनी भाग अपुरा, ओबडधोबड राहिला आहे, पण आत तादेओ दी बार्तोलो यांनी 1401 मध्ये रंगवलेले तीन फळ्यांचे चित्र आहे. आम्ही ते दोनदा पाहिले. तटाबाहेर, उतारावर, सान ब्याजो हे वास्तुविशारद थोरल्या अंतोनियो दा सान्गाल्लो यांनी रचलेले चर्च आहे; 1518 मध्ये त्याचे काम सुरू झाले. सकाळी लवकर जावे, कारण परतीची वाट उन्हात चढावी लागते. आईसाठी आम्ही येताना टॅक्सी बोलावली. प्येंत्सा हे शेजारचे गाव अर्ध्या दिवसात होते.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी येथे आठ मोहल्ल्यांचे गडी सुमारे 80 किलोचे पिंप चढावरून चौकापर्यंत लोटत नेण्याची शर्यत खेळतात. ती पाहायची असेल, तर राहण्याची सोय कित्येक महिने आधी करावी. शांतताच हवी असेल, तर तो आठवडा टाळून आमच्यासारखे सप्टेंबरच्या अखेरीस यावे.