अंगठा लागत नव्हता: भाड्याच्या पहिल्या घराचा माझा अनुभव

नोंदणी केलेला भाडेकरार माझ्या ट्रंकेत ठेवून सात महिने झाले. तरी बाजारात जाताना त्या करार करून देणाऱ्याचं दुकान दिसलं की अजून डोकं तापतं. त्या दुकानाच्या बाकावर माझे चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांची मजुरी. जी बाई एकटी आहे, पदरात पोर आहे आणि काम करून जिचे हात झिजलेत, तिच्यासाठी हे लिहिते आहे. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

मी सिंधुदुर्गातली. काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाते. घटस्फोटाचा निकाल लागल्यावर तीन वर्षं भावाकडे काढली. भाऊ-वहिनींनी कधी जा म्हटलं नाही, पण दोन खोल्यांत सहा माणसं. माझा मुलगा खेळताना आवाज झाला की मीच आधी दचकायची. आतून कडी मी लावीन असं एक दार मला हवं होतं. हातात महिन्याला साडेआठ-नऊ हजार येतात, वर लाडक्या बहिणीचे १५००. भाडं ३००० च्या वर गेलं तर झेपणार नाही, हे बोटांवर मोजून ठेवलं होतं.

आमच्याकडे बंद घरांना तोटा नाही. वाडीवाडीत कुलपं आहेत, माणसं मुंबईला. पण ती घरं भाड्याने मागायला गेलं की चाकरमानी म्हणतात, मे महिन्यात आणि गणपतीत आम्ही येणार, तेवढे दिवस खाली करून द्यायचं. तेवढे दिवस मी चूल आणि पोर घेऊन कुठे जायचं? समुद्राच्या बाजूला तर विचारायचीच सोय नाही. तारकर्ली-देवबागकडे पर्यटकाला खोली दिली तर चार-दोन रात्रींत माझ्या महिन्याचं भाडं सुटतं, मग ते मला कशाला ठेवतील? आणि दोन ठिकाणी घर रिकामं होतं, परवडणारं होतं, पण प्रश्न आला, "घोव खंय आसता तुजो?" पहिल्या घरी मी खोटं सांगितलं की मुंबईला असतो. दुसऱ्या घरी खरं सांगितलं, तर म्हणाले विचार करून कळवतो.

हे घर मिळालं ते कारखान्यातल्या एका मैत्रिणीमुळे. तालुक्याच्या गावाला लागून असलेल्या ग्रामपंचायतीत जुनं चिऱ्याचं घर, पुढच्या भागात मालकांच्या काकू एकट्या राहतात, मागे दोन खोल्या, लहानशी पडवी, न्हाणीघर बाहेर, विहिरीला बारमाही पाणी. मालक डोंबिवलीला. भाडं ३०००, डिपॉझिट १०,०००. काकूंना मी पहिल्याच वाक्यात सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रात्री-अपरात्री हाक मारूक कोण तरी व्हया माका. तू ये." घर शोधण्याचं एवढंच. तीन महिने लागले, पण त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

रडवलं कराराने.

मुलाला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, शाळेत घालायचं होतं. खासगी शाळेत पंचवीस टक्के जागा असतात, आठवीपर्यंत फी नाही, आणि घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी घेतात. शाळा नव्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा तर तो नोंदणीकृतच लागतो, अकरा महिने किंवा जास्त मुदतीचा, आणि फॉर्म भरायच्या तारखेच्या आधीचा. नोटरी केलेला चालत नाही. हे मला आरटीईच्या मदत केंद्रावरच्या बाईंनी समोर बसवून सांगितलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. मालकांची काहीच हरकत नव्हती. नोंदणी ऑनलाइन करायची ठरली, त्यात प्रत्येकाचा ठसा आधारशी जुळवतात. त्यांचा अंगठा डोंबिवलीतच घेतला, दोन मिनिटांत झाला. ऑनलाइन नोंदणीचा फायदा हाच की मालक तिकडे, आपण इकडे, तरी चालतं. साक्षीदार भाऊ आणि काकू. सत्तरी ओलांडलेल्या काकूंचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला.

माझा लागेना.

काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. आम्ही हाताला राख लावतो, खोबरेल लावतो. हातमोजे घातले तर बी नीट धरता येत नाही, आणि मजुरी किलोवर, त्यामुळे बहुतेकजणी उघड्या हातानेच बसतो. माझ्या उजव्या अंगठ्याचं पेर मधोमध काळं, कडेने सोललेलं, आणि जिथे रेषा असायला हव्यात तिथे नखासारखं गुळगुळीत. दुकानदाराने मशीनची काच शर्टाच्या टोकाने पुसली, माझा अंगठा स्वतःच्या हाताने धरून नख पांढरं पडेपर्यंत दाबला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली, ३०० नंबर. परत दाबला. परत ३००. सात-आठ वेळा झाल्यावर म्हणाला, उद्या या.

दुसऱ्या दिवशी तेच. साबणाने धुऊन गेले होते, काही उपयोग नाही. त्याने वर मला विचारलं, "आधार तुमचंच ना?" मागे रांगेत माणसं उभी होती. मी काही बोलले नाही, पण तो शब्द मनात राहिला. माझ्या पोराच्या शाळेसाठी माझ्या हक्काच्या कागदावर मी आलेली, आणि मीच मी आहे हे मला सिद्ध करता येत नव्हतं.

मग आधार केंद्रावर बोटांचे ठसे नवीन करून घ्यावेत म्हणून गेले. तिथल्या मुलीने नीट बघितलं, चांगली बोलली, पण म्हणाली की ताई, ही बोटं आत्ता मशीन घेणारच नाही. कातडी भरून येऊ दे, मग या. म्हणजे तो दिवसही गेला.

तिसऱ्यांदा दुकानात गेले तेव्हा त्याने मला सल्ला दिला, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घ्या, सगळे तेच करतात, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. हे साफ चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला हा भाड्याचा, करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, आपली नाही. नोंदणी नसताना वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मला ते कलम मदत केंद्रावरच्या बाईंनीच कागदावर लिहून दिलं होतं. मी तो कागद त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने बघितलाही नाही.

दुसरा रस्ता होता तो दुय्यम निबंधक कार्यालयात समोर जाऊन नोंदवायचा. तिथे फोटो आणि ठसा घेतात, साक्षीदार ओळख पटवतात. पण त्याला मालकांनी समोर यायला हवं. त्यांना शिमग्याशिवाय रजा नव्हती, आणि आरटीईची तारीख शिमग्याच्या आधी. त्या रात्री मी पहिल्यांदा घराचा नाद सोडावा असा विचार केला. मुलगा झोपेत माझा अंगठा धरून झोपतो. तोच अंगठा.

मार्ग दाखवला आमच्या रेशन दुकानदाराने. रेशनकार्ड भावाच्या नावावर, ठसा कायम तोच द्यायचा, म्हणून मला कधी हे कळलंच नव्हतं. भावाबरोबर तांदूळ आणायला गेले तेव्हा सहज विषय निघाला. ते म्हणाले, "अगो, अंगठोच कित्याक धरून बसलंस? देवान धा बोटां दिल्यान हत. खंयचाय लाव." त्यांच्याकडे काजूवाल्या, भातलावणीवाल्या, मासे सोलणाऱ्या बायका रोज येतात. कोणाची करंगळी लागते, कोणाचं मधलं बोट. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात आणि मशीन त्यातलं कोणतंही ओळखतं. आणि जास्त दाबू नको म्हणाले, दाबलं की रेषा चपट्या होतात. मी दुकानातून बाहेर येऊन ओट्यावर बसले. तीन हेलपाट्यांत त्या करारवाल्याने एकदाही दुसरं बोट लावून बघितलं नव्हतं.

मुकादमाला सांगून मी दहा दिवस बी फोडणं सोडलं आणि फोडलेल्या काजूगराची निवड करायला बसले. तिथे तेल लागत नाही. मजुरी कमी पडली, ती पडू दिली. रोज रात्री कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायचे, मग खोबरेल. सातव्या दिवशी उजव्या तर्जनीवर बारीक रेषा दिसायला लागल्या, आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तर मुळातच बरी होती, त्यांना तेलाचा त्रास कमी असतो.

चौथ्या खेपेला मी बसल्याबसल्या सांगितलं, आज मी सांगेन ते बोट लावायचं. तो म्हणाला सिस्टीम अंगठाच घेते. मी म्हटलं लावून बघू. डावी करंगळी लावली, ३००. डाव्या हाताची अनामिका लावली, हलकी, नुसती टेकवली. हिरवं आलं. मी काही बोलले नाही, पण भावाकडे बघितलं तर तो दुसरीकडे बघून डोळे पुसत होता.

त्या दिवसाचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आता जे सुचेल तसं सांगते. स्क्रीनवर कोणता नंबर येतो तो लिहून घ्या. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० आला तर ठसे आपल्याच आधारवर लॉक केलेले आहेत, ते मोबाईलवरून उघडता येतात, त्यासाठी हातांना काही करायची गरज नाही.

पैशांचा हिशोब आधी मागा. माझ्याकडे त्याने एकगठ्ठा ३५०० मागितले होते. स्टॅम्प ड्युटी असते एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून मिळवतात. माझं अकरा महिन्यांचं भाडं ३३,००० आणि डिपॉझिट १०,०००, म्हणजे ड्युटी शंभराच्या आसपास. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, शहरात १०००. ऑनलाइनचे ३०० वेगळे. बाकी सगळी त्याची मजुरी. हे कागदावर मांडल्यावर तो १८०० वर आला.

मालकाचं घर कोणाच्या नावावर आहे ते बघाच. आमच्याकडे सातबारावर आणि घरपट्टीवर आजोबांचं, मेलेल्या काकांचं नाव तसंच राहिलेलं असतं. माझ्या मालकांनी सुदैवाने असेसमेंट, म्हणजे घरपट्टीची नोंद, स्वतःच्या नावावर करून ठेवलं होतं. याआधी एक घर मी याच कारणाने सोडलं, सात हिस्सेदार होते आणि सही देणारा एकच.

डिपॉझिट रोख देऊ नका. मी भावाच्या फोनवरून पाठवलं, ती चूक झाली, आपल्या खात्यातून जायला हवं. करारात त्याचा आकडा आणि तारीख लिहून घेतली म्हणून निभावलं.

करारात मी दोन ओळी घालून घेतल्या. मे महिना आणि गणपती धरून पूर्ण मुदत घर माझ्याकडे राहील, ही एक. पावसाआधी कौलं परतून देणं मालकाकडे, ही दुसरी. दुसरीबद्दल काकूच म्हणाल्या, घाल म्हणून. मृगाच्या आधी माणूस आला, नऊ कौलं बदलली. तरी न्हाणीघराकडच्या कोपऱ्यात ठिबकतं, तिथे मी पातेलं ठेवते.

राहायला गेल्या दिवशी लाइटच्या मीटरचा फोटो काढून मालकांना पाठवा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मालकांनी ऑनलाइनच भरली, त्यात मला काही करावं लागलं नाही.

आरटीईचा फॉर्म शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी गेला. सोडतीत मुलाचं नाव आलं. सकाळी काकू त्याला फाटकापर्यंत सोडतात, कारण माझी पाळी आठला सुरू होते.

करार नोव्हेंबरमध्ये संपतो, नवा करायचा आहे. मुकादमाला आत्ताच सांगून ठेवलंय की दिवाळीनंतर दहा दिवस मला निवडीला बसव. दुकान या वेळी दुसरं बघणार आहे.