गच्चीवरचे वेडे

आज पुन्हा तेच वाचलं: 'रेडिओ सुरू झाला अमेरिकेत पिट्सबर्गला, नोव्हेंबर १९२०.' आणि अर्जेंटिनातलं ब्यूनोस आयर्स?

२७ ऑगस्ट १९२०. कोलिसेओ थिएटरच्या गच्चीवर हौशी रेडिओवाला डॉक्टर एन्रिके सुसिनी आणि त्याचे तीन साथीदार. ट्रान्समीटर जेमतेम ५ वॅटचा. आधी स्पॅनिशमध्ये निवेदन, मग थेट रंगमंचावरून वाग्नरचा ऑपेरा 'पार्सिफाल'. मायक्रोफोन तर मुळात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बनवलेला!

ऐकणारे मोजकेच, कानाला हेडफोन लावून. गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर चालणाऱ्या रेडिओ संचाला बॅटरी लागत नाही, पण आवाज वाढवायची सोयही नाही. स्फटिकावरची सुई नेमक्या जागी टेकायला हवी. टेबलाला धक्का लागला की ऑपेरा गायब.

पुढच्या रात्रीही प्रक्षेपण चालूच राहिलं. अर्जेंटिनात २७ ऑगस्ट हा दिवस रेडिओ दिन म्हणून पाळतात. आपल्या पुस्तकांत एक ओळही नसावी?