गल्लीतली चौथी घरफोडी, कागदावर पहिली

गौरी-गणपतीचं विसर्जन करून त्याच रात्री चिपळूणहून एसटी पकडली. 13 सप्टेंबर 2024च्या पहाटे पुण्यात आमच्या मजल्यावर पोचलो, तर समोरच्या काकू आतून दार बडवत होत्या. "अगं, कडी काढ आधी! कुणीतरी बाहेरून लावलीये." पोरांचा चावटपणा असेल म्हणून मी हसतच कडी काढली. मग मागे वळले. आमच्या दाराचा कोयंडा चौकटीला लोंबकळत होता.

शेजारी मध्येच बाहेर येऊ नयेत म्हणून आधी त्यांच्या दारांना कड्या लावायच्या, ही या धंद्यातली जुनी रीत आहे, असं हवालदारांनी नंतर सांगितलं. आणि गणपतीत कोकणातली माणसं घर बंद करून गावी जातात, हे कुणाला ठाऊक नाही? आम्ही दूध बंद केलं होतं. पेपर बंद करायचा राहिला. दारात त्यांचा गठ्ठाच पडला होता.

112 ला फोन केला. थोड्याच वेळात दोन बीट मार्शल आले. पहिला प्रश्न, "कशाला हात लावला का?" लावला होताच. आपलं कपाट उघडं दिसल्यावर कोण हात न लावता उभं राहील? त्यामुळे ठसेवाल्यांना माझेच ठसे भरपूर मिळाले. श्वानपथकातला कुत्रा जिना उतरला, कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला. "इथून गाडीवर गेलेत," कुणीतरी म्हणालं.

मार्शलांपैकी एकजण मला धीर द्यायला म्हणाला, "मॅडम, ही गल्ली तशी शांत आहे हो. वर्षभरात इथे एकही घरफोडी नाही."

काकू माझ्याकडे बघेनात. मे महिन्यात त्या लग्नाला गेल्या असताना त्यांच्या दोन पाटल्या गेल्या होत्या. त्याआधी तळमजल्यावर एक, पलीकडच्या इमारतीत एक. तिघांनीही तक्रार केली नव्हती. कोण कोर्टकचेऱ्या करत बसणार, गेलेलं थोडंच परत येतंय! म्हणजे आमची चौथी चोरी, पण ठाण्याच्या दप्तरात पहिलीच.

नवऱ्याला रजा नव्हती, त्यामुळे पुढचे हेलपाटे माझ्या वाट्याला आले. ठाण्यात आधी सांगितलं, "अर्ज देऊन जा, चौकशी करतो." वकील असलेल्या मामेभावानं फोनवर बजावलं होतं, अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे. घरफोडी हा दखलपात्र गुन्हा आहे आणि तो नोंदवून घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. मी कायदा काढून भांडले नाही. "गुन्हा दाखल करायचाय, थांबते," म्हणाले आणि बाकावर बसले. अडीच तास. त्यांच्या बाजूनं सांगायचं तर 17 तारखेची अनंत चतुर्दशी तोंडावर होती आणि अर्धं ठाणं बंदोबस्तात होतं.

फिर्याद लिहायला बसल्यावर कळलं की आपण आपले दागिने कधी नीट बघितलेलेच नसतात. पदर किती, वजन किती, फासा कसा? प्रत्येक ओळीपुढे 'जुने वापरते, किंमत अंदाजे' असं पडत गेलं. मंगळसूत्राची पावती होती. सासूबाईंच्या बोरमाळेची कुठून असणार? शेवटी लग्नाच्या अल्बममधला त्यांचा फोटो काढून दिला. किमतीवर मी वाद घातला नाही, वजन मात्र ग्रॅममध्ये तपासून घेतलं, आणि पुढे तेच कामाला आलं. भारतीय न्याय संहितेची 305 आणि 331 ही कलमं लागली. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घेतली.

पंच मिळवणं हा वेगळाच तमाशा. एरवी सोसायटीच्या सभेत तासभर बोलणारे सगळे त्या दिवशी कामात होते. शेवटी सेक्रेटरी आणि किराणावाले उभे राहिले. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं तोंड पार्किंगमधल्या नव्या गाड्यांकडे, आणि घड्याळ चाळीस मिनिटं मागे. खरं चित्र मिळालं किराणावाल्यांच्याच कॅमेऱ्यात: पावणेतीनला एक मोटारसायकल, तिघं बसलेले. चित्रण पेनड्राइव्हवर दिलं की झालं, असं नसतं. न्यायालयात ते पुरावा म्हणून टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. तो बिचारा माणूस त्यासाठी दुकान बंद करून दोनदा आला. त्याच्याकडची उधारी मी त्या महिन्यात पहिल्या तारखेलाच चुकती केली.

मग काहीच नाही. नव्या कायद्यात नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवायची तरतूद आहे. डिसेंबरात मी तेवढंच विचारायला गेले. साहेबांनी चहा पाजला. तपास चालू आहे, एवढं कळलं.

फेब्रुवारीत फोन आला. शेजारच्या जिल्ह्यात टोळी सापडली होती. मुद्देमाल ओळखायला गेले तर टेबलावर बोरमाळ होती, चार मणी कमी. मंगळसूत्र नव्हतं. त्याच्या जागी सोन्याची एक लगड. घेणाऱ्यानं वितळवून टाकलं होतं. काळे मणी कुठे गेले असतील, हा वेडा प्रश्न माझ्या तोंडून निघाला. लगडीवर कुणाचं नाव नसतं. फिर्यादीतलं वजन, पावती आणि आरोपीनं दाखवलेली जागा यांच्या जोरावर ती आमची ठरली.

दागिने पोलीस देत नाहीत, न्यायालय देतं. शिवाजीनगर कोर्टात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली अर्ज, त्यावर पोलिसांचं म्हणणं, सरकारी वकिलांचं म्हणणं, मग तारीख. मुद्देमाल विनाकारण ठाण्यात पडून राहू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा सुंदरभाई देसाई खटल्यातला निकाल मामेभावानं जोडला. चौथ्या तारखेला हुकूम झाला. बंधपत्र लिहून दिलं: खटला संपेपर्यंत विकणार नाही, मोडणार नाही, बोलावलं की हजर करीन. म्हणजे ती लगड माझी, पण तिचं मंगळसूत्र करता येत नाही. सध्या लॉकरमध्ये आहे.

दागिने ताब्यात घेताना तपासी अंमलदार सहज बोलून गेले, "यांनी तुमच्या गल्लीत मे महिन्यातही एक केलंय म्हणतात. पण आमच्याकडे नोंदच नाही, जोडणार कशाला?"

घरी येऊन काकूंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. उशिरा का होईना, फिर्याद देता येते, फक्त उशीर का झाला ते लिहावं लागतं, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच बेल वाजवली. हातात पाटल्यांची 1986ची पावती, घडीवर फाटलेली. "चोरीची तारीख नक्की आठवत नाही गं," म्हणाल्या. "ती लग्नपत्रिका तुझ्याकडे आहे का बघ ना, तुलाही आमंत्रण होतं."

पत्रिका रद्दीत गेली होती. आम्ही दोघी आता व्हॉट्सअ‍ॅपवर मे महिन्याचे फोटो शोधतोय.