सी व्ह्यूचे १५०० रुपये

कोकणातून परत येऊन मळके कपडे धुऊन झाले, डिकीतली वाळू झाडून झाली, बँकेत रुजू पण झाले, तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना झालीय. म्हणून लिहायला बसलेय. लिहिलं की निदान काय टोचलंय ते तरी दिसतं.

अण्णांनी खुर्ची फिरवली. एवढंच झालंय. व्हॅनच्या पुढं समुद्राकडं तोंड करून मांडलेली खुर्ची त्यांनी उचलली, फिरवली आणि समुद्राला पाठ करून बसले.

ह्यात रडण्यासारखं काय आहे हे मला विचारू नका, मी स्वतःलाच विचारून थकलेय. पण ती जागा शोधायला मी किती रात्री फोनमध्ये डोळे घातले ते माझं मला माहितीय. सरकारनं २०२१ ला कॅरावॅनचं धोरण आणलं तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात होतं की एकदा असं चाकावरच्या घरात राहायचं, आणि माझ्या डोक्यात होतं की अण्णांनी आणि आईनी अजून समुद्र बघितला नाही, तर दोन्ही एकातच उरकू. मालगुंडच्या बाजूला टेकडीच्या उतारावर जांभ्या दगडाचे टप्पे करून कॅरावॅन उभ्या केल्यात. मागच्या रांगेला आंब्या-काजूची बाग दिसते, पुढच्या रांगेला थेट समुद्र, आणि पुढच्या रांगेचे रोजचे १५०० जास्त. मी पुढची घेतली. ह्यांनी एकदा विचारलं, लागतंय का? मी म्हणलं लागतंय.

आणि अण्णा तिथं बसून मागच्या रांगेची बाग बघत बसले.

बरं, जाताना मूड एकदम मस्त होता त्यांचा. औशातून निघालो, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. रत्नागिरी-नागपूर रस्ता म्हणजे आमच्या दारातलाच, जन्मभर पाटीवर रत्नागिरी वाचत आलेला माणूस, ते खरंच त्या टोकाला आहे ह्याचंच त्यांना कौतुक. मिरज आल्यावर ह्यांना गाडी हळू घ्यायला लावली. म्हणाले, इथून आलं होतं आपलं पाणी. २०१६ चा एप्रिल म्हणजे मांजरा धरण कोरडं ठाक, लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलेलं, आणि मिरजेहून दहा डब्यांची पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. अण्णा तेव्हा गावाहून मुद्दाम लातूरला स्टेशनवर गेले होते. पाणी आणायला नाही, नुसतं बघायला. येऊन आम्हाला सांगत बसले होते की डब्यांना हात लावला तर गार लागत होते.

म्हणूनच मला जास्त लागलं. रेल्वेच्या डब्यातलं पाणी बघायला तेवढ्या लांब गेलेला माणूस एवढा मोठा समुद्र समोर असताना पाठ करून बसतो?

विचारलं मी. तेवढ्यापुरतं उत्तर मिळालं. "ऊन डोळ्यावर येऊलालंय बाई." ठीक आहे, पश्चिमेचा किनारा, दुपारी ऊन समोरूनच येणार, पटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर तसेच, पाठ करून. सकाळी ऊन टेकडीवरून येतं ना? म्हणजे आता तर खुर्ची फिरवल्यामुळंच डोळ्यावर येत होतं, डोळे बारीक करून बसले होते, पण फिरवायला तयार नाहीत. त्या फोल्डिंग खुर्चीच्या हाताला कप ठेवायला जाळी असते, तिच्यात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी नीट लावून ठेवलेली, म्हणजे मुक्कामच होता तिथं.

आई वेगळीच. आई पोहोचल्या पोहोचल्या पायरीवर उभी राहून आत डोकावली आणि म्हणाली, "भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात काढले तेव्हा सरकार फुकट द्यायचं, आता पैसे देऊन पत्र्यात झोपा." हे एवढे हसले की ती जागा चालवणारे काका बघायला आले. मला नाही हसायला आलं लगेच. १९९३ चा भूकंप झाला ते किल्लारी आमच्यापासून लांब नाही. ती व्हॅन कशी असते, कोणी आत नुसतं कुशीवर वळलं तरी सगळी हलते, आणि रात्री मी पाणी प्यायला उठले, व्हॅन हलली, तर अण्णा पुढच्या क्षणाला दार उघडून बाहेर. चप्पल पण नाही पायात. मी काही बोलले नाही, ते पण काही बोलले नाहीत. त्यानंतर ते बाहेरच बाजेवर झोपले, काकांनी कुठूनतरी बाज आणून दिली. ते असो.

पाण्याचं मात्र खरंच मजेशीर झालं. व्हॅनच्या टाकीत बसतं शंभर लिटर, काकांनी सगळ्यांना सांगतात तसं आम्हाला पण सांगितलं की शॉवर सोडून ठेवू नका, भांडी घासताना नळ बंद करा, वापरलेलं पाणी खालच्या टाकीत जातं ती भरली की सांगा. आई ऐकून घेत होती, ऐकून घेत होती, मग म्हणाली, "कोणाला सांगलालाव भाऊ." आम्ही असेपर्यंत ती खालची टाकी काही भरली नाही. काका म्हणाले असे गेस्ट पहिल्यांदाच बघितले.

तर खुर्ची. ह्यांचं म्हणणं असं की अण्णांच्या समोर टाक्या भरायचा नळ होता, त्याचा पाइप जोडावर गळत होता, गळणारा नळ सोडून समुद्र बघणं त्या माणसाला जमणारच नाही. हे मला पटलंच असतं, पण अण्णांनी तो जोड पहिल्याच संध्याकाळी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून ताणून गुंडाळून बंद केला. (ट्यूब कुठून आली? आमच्या डिकीतून. अण्णा कुठंही जाताना ट्यूबचा तुकडा आणि सुतळी घेऊन निघतात.) नळ बंद झाला तरी खुर्ची तशीच.

मग मला वाटायला लागलं की माझ्यावरच राग असेल. खर्च केला म्हणून. किंवा दादा आला नाही म्हणून, दादानं आदल्या दिवशी कळवलं की त्याला सुट्टी नाही, आणि अण्णा फोनवर फक्त "बरं" म्हणाले. तो "बरं" मी ओळखते. म्हणजे न्यायचं मी, बुकिंग मी, आईच्या गोळ्यांची डबी मी, डाळ-तांदूळ-तिखट सगळं बांधून मी, आणि अण्णांच्या तोंडासमोर कोण नाही तर दादा. समुद्राला पाठ म्हणजे मला पाठ, इथपर्यंत गेले मी विचार करत. रात्री व्हॅनमध्ये पडून पडून रडले पण थोडी, आवाज न करता, कारण हललं असतं सगळं.

आता लिहिताना हसू येतंय ह्याचं.

कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काय झालं. अष्टमी होती. काकांनी अण्णांना सांगितलं होतं की भरती कधी येते ते काढायला घड्याळ लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता भरती पुरी. आणि अण्णांना पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे अजून तोंडपाठ. आठ पाऊणे सहा. तसेच पाठ करून बसलेले, हातात सुपारी, आईला म्हणाले, "सहाला पुरता भरतोय बघ, मग उतरणार." मी मुद्दाम मोबाइल घेऊन कठड्यापाशी उभी राहिले. सहाच्या आसपास पाणी त्या काळ्या खडकाच्या मधोमध येऊन थांबलं, वर काही गेलं नाही. काका म्हणाले आज भांग आहे, म्हणजे भरती लहान, उधाण म्हणजे मोठी भरती असती तर खडक दिसला नसता, पुनवेला या. अण्णांनी मान वळवून बघितलं पण नाही. फक्त विचारलं, थांबलं का? म्हणलं थांबलं. म्हणाले, "मग."

तो "मग" असा होता की मी काही बोलूच शकले नाही. गडी जिंकला होता.

आणि मग हळूहळू कळायला लागलं की ह्या माणसानं तिकडं तोंड करून काय काय गोळा केलंय. काकांची विहीर किती हाताची, कलमं किती, त्यातली ह्या साली किती मोहरली, गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, दगड कुठून आणले, जांभा चिऱ्याला कसा कापतात. सगळ्यात जास्त आनंद त्यांना कशाचा झाला तर मे महिन्यात तिथल्या वरच्या वाड्यांना टँकर येतो ह्याचा. आनंद म्हणजे वाईट अर्थानं नाही. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडं ७००-८०० पडला तर साखर वाटायची, आणि तरी टँकर! जांभा पाणी धरत नाही, पडलं की उतारानं सगळं समुद्रात. काकांनी हे सांगितल्यापासून दोघं अशी गप्पांना बसली की जेवायला हाका मारायला लागायच्या. अण्णा त्यांना बांधबंदिस्ती समजावून सांगत होते आणि काका त्यांना, की काळ्या रानात काजू येणार नाही, नेऊ नका रोप. तरी एक रोप आलंच आमच्या डिकीतून. येणार नाही ते मला पण माहितीय.

समुद्राबद्दल एकदाच बोलले, तेही निघताना, आणि मला नाही, ह्यांना. "एवढं पाणी अन् एक पेंड भिजत नाही त्याच्यावर." नंतर लगेच टायरची हवा बघायला गेले. आता हेच कारण असेल का खुर्चीचं? असेल. नसेल पण. मी एवढ्यावर समाधान मानायला बघतेय पण पुरतं होत नाहीये, कारण सकाळचं ते डोळे बारीक करून बसणं अजून दिसतंच.

१५०० रुपये मात्र वाया गेले नाहीत. मी बघितला की समुद्र. आई झोपलेली, हे झोपलेले, अण्णा पलीकडं तोंड करून, आणि पुढच्या खुर्चीवर मी एकटी, कोणी काही मागत नाहीये, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत. किती दिवसांनी अशी बसले असेन. खोटं कशाला बोलू, मस्त वाटलं.

काल गावाकडून चुलतभाऊ आला होता, तो सांगत होता पारावर अण्णांना कोणी विचारलं, समुद्र कसा होता हो? तर अण्णा म्हणाले, कसा म्हणजे, अष्टमीला सहाला भरतो आणि रोज पाऊण तास पुढं सरकतो, उधाणाला जास्त, भांगाला कमी. पुनवेला चला, दाखवतो. म्हणजे आता हे लोकांना घेऊन जाणार.

आणि काकांना पाच किलो तूरडाळ कबूल करून आलेत. लातूरची डाळ इकडं मिळत नाही म्हणे, मी पाठवतो. मी म्हणजे कोण ते कळलंच असेल. कुरिअरवाल्याला विचारलं, डाळीच्या किमतीजवळ त्याचं भाडं जातंय. हे म्हणतात काकांना पैसे पाठवू, तिथंच घेतील. अण्णांना हे जाऊन सांगायचं कोणी? दादाला सांगायला लावणार आहे. एवढं तरी करू दे त्याला.